सांध्यावरची कसोटी

हिवाळ्याच्या तोंडावर युरोप-अमेरिकेतली स्कीइंगची मासिकं दरवर्षी एक मोठी गुणपत्रिका छापतात. नव्या हंगामात येणाऱ्या स्की घेऊन अनुभवी मंडळी एखाद्या डोंगरावर मुक्काम ठोकतात. दिवसभर जोड बदलून बदलून उतरतात आणि रकाने भरत जातात. यंत्राने दाबलेल्या उतारावर किती गुण, ताज्या भुसभुशीत बर्फात किती, उंचवट्यांवर किती, वेगात किती. शेवटी सरासरी निघते. अख्ख्या डोंगरावर चालावी म्हणून बनवलेल्या, म्हणजे ऑल-माउंटन म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कीच्या बाबतीत तर ही सरासरी हाच निकाल. सगळ्या रकान्यांत बरे गुण मिळाले की स्की अष्टपैलू ठरते.

या कामात कष्ट आहेत आणि प्रामाणिकपणाही आहे. तरी त्या तक्त्यातून एक रकाना नेहमी निसटतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा. एक बर्फ संपून दुसरा सुरू होतो त्या जागी, त्या सांध्यावर, स्की कशी वागते? प्रत्येक बर्फात उत्तम चालणारी स्की या सांध्यावर दगा देऊ शकते. उलट कुठल्याच बर्फात पहिली न येणारी स्की सगळे सांधे शांतपणे ओलांडून माणसाला खाली आणू शकते. अष्टपैलूपणा मोजायचा तर तो इथे मोजायला हवा. एवढंच मला सांगायचं आहे, पण ते नीट पटायचं तर बर्फापासून सुरुवात करावी लागेल.

आपल्याला बर्फ म्हटला की एकच पांढरा पदार्थ डोळ्यांसमोर येतो. डोंगरावर तसा एकच पदार्थ नसतो. थंड, कोरड्या हवेत नुकत्याच पडलेल्या हिमाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो असतं. उरलेली सगळी हवा. वारा सुटला की त्याच हिमाचे नाजूक स्फटिक मोडतात, बारीक कण एकमेकांना खेटून बसतात, चिकटतात आणि ३००-४०० किलोंची घट्ट पाटी तयार होते. यंत्र फिरवून दाबलेला उतार त्याहून जड. ऊन पडलं की वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, आणि सकाळी कवच तयार. गोठण्या-वितळण्याचं हे चक्र बरेच दिवस चाललं की वसंतातला भरड दाणेदार बर्फ मिळतो. तो सकाळी दगडासारखा टणक, दहा-अकराच्या सुमाराला अतिशय सुखद आणि दुपारी पाणीच पाणी. निव्वळ गोठलेला बर्फ घेतला तर घनमीटरला ९१७ किलो. म्हणजे एकाच डोंगरावर, एकाच दिवशी, पायाखालच्या पदार्थाची घनता दहापटीने बदलू शकते.

घनतेइतकंच घर्षणही बदलतं. केंब्रिजचे बाउडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या संशोधन केंद्रावर प्रयोग करून १९३९ साली मांडलं, की घसरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने बर्फाचा अतिशय पातळ थर वितळतो आणि त्या पाण्याच्या पापुद्र्यावरून स्की जाते. पुढच्या संशोधकांनी या चित्रात बरीच भर घातली, पण व्यवहारात उतरणाऱ्याला जाणवतं ते यातून समजतं. शून्याच्या थोडं खाली तापमान असताना स्की सर्वांत सहज पळते. फार थंडीत वितळणं पुरेसं होत नाही आणि ती कुरकुरत, अडत जाते. बर्फ ओला झाला की पाणी जास्त होतं आणि तळाला ओढ बसते. सावलीतून उन्हात येताना पाय मागे खेचले गेल्याचा जो अनुभव येतो, त्याचं कारण हे.

आता गुलमर्गचा उतार डोळ्यांसमोर आणा. गुलमर्गचं कुरण समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदूरीला नेतो आणि २००५ साली सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या खांद्यावर, ३,९८० मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणारी बहुतेक मंडळी या गोंडोलात बसून वर जातात, फोटो काढतात आणि त्यातूनच खाली येतात. स्की पायात असलेल्याला मात्र परतीला सुमारे तेराशे मीटरचा उतार मिळतो. वर कण्यावर वाऱ्याने खरवडलेला, लाटालाटांचा कडक बर्फ. कणा सोडून खोलगट भागात उतरलं, की वाऱ्याने आणून टाकलेला हिमाचा साठा, कुठे मऊ तर कुठे पाटीसारखा. कोंगदूरीच्या जवळ शेकडो पावलांनी, स्लेजनी आणि स्कींनी चिरडलेला, ढेकळाढेकळांचा बर्फ. त्याखाली सूचिपर्णी झाडी. तिच्या सावलीत चार दिवसांपूर्वीचं हिमही कोरडं राहिलेलं असतं, आणि दोन झाडांमधल्या उन्हाच्या पट्ट्यात त्यावर कवच धरलेलं असतं. अगदी खाली कुरणाशी सकाळी गोठलेला आणि दुपारी भिजलेला थर. ठरलेले, यंत्राने दाबलेले उतार इथे थोडेच. बाकी सगळा डोंगर निसर्गाने ठेवला तसाच आहे.

या एका उतरणीत पाच-सहा प्रकारचे बर्फ येतात. त्यांच्यामधले सांधे मात्र कितीतरी जास्त, कारण झाडीत दर दहा-पंधरा मीटरला ऊन-सावली बदलते. गुणपत्रिकेतले रकाने पाच-सहा आणि प्रत्यक्षातले सांधे शेकडो. उतरणाऱ्याचा बहुतेक वेळ कुठल्यातरी रकान्याच्या मधोमध नव्हे, दोन रकान्यांच्या सीमेवर जातो.

यावर कोणी म्हणेल, की प्रत्येक प्रकारात चांगली असलेली स्की सीमेवरही चांगलीच असणार. तसं होत नाही, आणि त्याचं कारण स्कीच्या रचनेत आहे. प्रत्येक बर्फ स्कीकडून काहीतरी वेगळं मागतो, आणि या मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात.

भुसभुशीत हिम क्षेत्रफळ मागतं. १८० सेंटिमीटरच्या आतबाहेर लांबीची आणि पायाखाली ९५-१०० मिलिमीटर रुंद अशी जोडी घेतली, तर दोन्ही तळांचं क्षेत्रफळ मिळून चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त भरतं. माणसाचं सगळं वजन त्यावर पसरतं आणि तो बुडत नाही. कडक उतारावर वळताना हे क्षेत्रफळ निरुपयोगी. तिथे सारा भार बाहेरच्या स्कीच्या पोलादी धारेवर येतो आणि ती बर्फात जेमतेम काही मिलिमीटर रुतते. अशा वेळी रुंदी उलट अंगावर येते. ७० मिलिमीटरच्या स्कीत बुटाच्या मध्यापासून धार ३५ मिलिमीटरवर असते, १०० मिलिमीटरच्या स्कीत ती ५० मिलिमीटरवर जाते. स्की तिरकी ठेवण्यासाठी घोटा आणि गुडघा यांना तेवढ्या लांब तरफेशी झगडावं लागतं. म्हणून स्लॅलमच्या शर्यतीतल्या स्की पायाखाली ६५ मिलिमीटरच्या आसपास असतात, खोल हिमासाठीच्या ११० च्या पुढे जातात, आणि ऑल-माउंटन स्की ८५ ते १०५ च्या पट्ट्यात तडजोड करतात.

टोकाच्या आकाराचंही तेच. टोक आधीपासूनच वर उचललेलं, म्हणजे रॉकर दिलेलं असलं, की ते हिमात रुतत नाही. कडक बर्फावर तेच टोक हवेत राहतं आणि धरणारी धार तेवढी आखूड होते. स्की जमिनीवर ठेवल्यावर मधे कमान करून उभी राहत असेल, तर वजन पडताच ती टोकापासून शेपटीपर्यंत दाबली जाते आणि कडक उतारावर छान पकड देते. खोल हिमात त्या कमानीचा जाच होतो. जड स्की ढेकळांतून विचलित न होता जाते, झाडीत मात्र तिला पटकन फिरवताना मांड्या भरून येतात. हलकी स्की चपळ असते, पण ढेकूळ लागलं की उडते. एक गुण वाढवला की दुसरा कमी होतो. अभियंत्याच्या हातात फक्त देवाणघेवाण असते.

या देवाणघेवाणीचा इतिहासच स्कीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइम यांनी कमरेत बारीक असलेल्या स्की वापरून वळणं सोपी केली. १९२६ च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ लेटनर यांनी लाकडी स्कीला पोलादी धारेचे तुकडे बसवले आणि कडक बर्फ आटोक्यात आला. पुढे बाल्टिमोरच्या विमान कारखान्यातला अभियंता हॉवर्ड हेड या नादाला लागला. विमानाच्या पंखासारखी, बाहेर ॲल्युमिनिअमचे पातळ पत्रे आणि आत लाकूड अशी स्की बनवता येईल असं त्याच्या मनात आलं. १९४७ साली त्याने पहिले जोड व्हर्मांटमधल्या स्टो इथे नेऊन प्रशिक्षकांना दिले, आणि ते मोडले. हेडने पुन्हा बनवले, पुन्हा दिले, पुन्हा मोडून घेतले. ही शिकवणी काही हिवाळे चालली आणि १९५० साली त्याची ‘स्टँडर्ड’ नावाची स्की बाजारात आली. मऊ बर्फात ती इतक्या सहज वळायची, की अमेरिकेत काही जण तिला लबाडीची स्की म्हणत.

हेडच्या गोष्टीतला पुढचा भाग कमी सांगितला जातो, आणि आपल्या मुद्द्याला तोच लागू आहे. ही स्की कडक बर्फावर आली की धातूचे पत्रे थरथरायचे, धार बर्फावर कडकडत उडायची आणि पकड सुटायची. शर्यतवाले म्हणून तिच्यापासून लांब राहिले. उपाय निघाला तो पकड वाढवण्याचा नव्हता. पत्र्यांच्या जोडीने रबराचा थर घातला गेला आणि थरथर त्यात जिरली. स्कीची ताकद तेवढीच राहिली, पण बर्फ बदलल्यावर ती बिथरेनाशी झाली. आजच्या चांगल्या ऑल-माउंटन स्कीत टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे पत्रे असतात, रबराच्या पट्ट्या असतात आणि आत पॉपलर, बीच, मेपल यांसारख्या लाकडांचा गाभा असतो. हे सगळं हेडच्या त्या अडचणीला दिलेलं उत्तर आहे.

नंतरच्या क्रांत्या भराभर झाल्या. १९८८ मध्ये ॲटॉमिकची रुंद ‘पावडर प्लस’ आली. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलानने खोल कमरेची एससीएक्स आणली आणि साधा हौशी माणूसही कोरीव वळणं घेऊ लागला. २००२ मध्ये स्कीपटू शेन मॅककॉन्कीच्या कल्पनेतून व्होलान्टची ‘स्पॅटुला’ आली. तिची प्रेरणा पाण्यावरच्या स्कीची. कमान उलटी, कंबर उलटी, मध्यभाग सर्वांत रुंद. खोल हिमात तिने चमत्कार केला. कडक उतारावर तिच्याकडे धरायला फारसं काही नव्हतं. एका बर्फाची स्की किती टोकाला जाऊ शकते हे तिने दाखवलं, आणि तिचं उचललेलं टोक सौम्य रूपात आज जवळपास प्रत्येक ऑल-माउंटन स्कीत आहे.

आता सांध्याकडे परत येऊ. सह्याद्रीत पावसाळ्यात किल्ला चढणाऱ्याला हे मुळातच ठाऊक असतं. कोरड्या कातळावर धरणारे बूट असतात, चिखलात धरणारे असतात. माणूस घसरतो तो चिखल संपून ओल्या कातळावर पहिलं पाऊल ठेवताना. बुटाची पकड बदललेली असते आणि शरीर अजून जुन्याच पकडीवर विसंबून असतं.

स्कीवर हेच घडतं, पण ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने. मऊ हिमातून घट्ट पाटीवर आलात, की समोरचा अडथळा एकदम नाहीसा होतो, स्की पुढे पळतात आणि धड मागे राहतं. एकदा वजन टाचांवर गेलं की टोकं हलकी होतात आणि दिशा हातातून जाते. सावलीतल्या कोरड्या बर्फातून ओल्या बर्फात आलात तर उलट: स्की अडतात, धड पुढे जातं. पातळ कवचावर तर दोन्ही अवस्था आलटून पालटून येतात, कारण ते कधी वजन पेलतं, कधी फुटतं. या क्षणी माणसाला हवी असते ती सूचना. काहीतरी बदलतंय हे तळपायाला अर्धा क्षण आधी कळलं, तर शरीर आपोआप सावरून घेतं. स्कीने तो अर्धा क्षण द्यायचा असतो.

काही स्की तो देतात, काही देत नाहीत. फरक कुठून येतो? मुख्यतः लवचिकपणा लांबीभर कसा वाटला आहे त्यावरून. टोक जरा मऊ आणि तिथून पायाखालपर्यंत कडकपणा सावकाश वाढत जाणारा असेल, तर नवा बर्फ आधी टोकाला लागतो, टोक वाकतं, तो दाब हळूहळू बुटापर्यंत येतो, आणि हीच सूचना. टोक फार मऊ आणि पायाखालचा भाग एकदम ताठ असेल, तर टोक नुसतंच फडफडतं आणि बातमी मधेच गळते. टोकही ताठ असेल तर बातमी धक्क्याच्या रूपात येते. पिळाचंही महत्त्व तितकंच. स्की पिळाला अतिशय ताठ असली, की कडक उतारावर धार घट्ट धरते, पण सुटते तेव्हा टोकापासून शेपटीपर्यंत एकदम सुटते. टोकाकडे थोडा पीळ खाऊ देणारी स्की आधी टोकाची पकड सैल करते. पायाखालची पकड तेव्हा शाबूत असते. कमाल पकडीच्या रकान्यात पहिली वरचढ ठरेल. अफरवतच्या कण्यावरून खाली येताना मी दुसरी घेईन. म्हणूनच अलीकडे कारखाने टायटॅनलचा पत्रा टोकापासून शेपटीपर्यंत सलग न ठेवता पुढे-मागे निमुळता करतात किंवा आकार देऊन कापतात. या बदलाने कडक बर्फावरचे गुण कदाचित वाढत नाहीत. सांधा मात्र सुधारतो.

मग कसोटी कशी घ्यायची? पहिली गोष्ट म्हणजे स्कीआधी तिची धार तपासायची. यंत्रावर घासलेल्या नव्या स्कीचा तळही कधी कधी मधे खोलगट असतो आणि कडा उंच राहिलेल्या असतात. अशी स्की बर्फात धार अडकवत चालते, वळण सोडतच नाही. परीक्षक लिहितो, ही स्की हट्टी आहे. दोष असतो घासण्याचा. तळावर सरळ पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरली की फट दिसते. दोन मिनिटांचं काम आहे. तळाच्या बाजूने धारेला साधारण एक अंश आणि बगलेने दोन-तीन अंश उतार असतो. अर्ध्या अंशाच्या फरकाने स्कीचा स्वभाव पालटल्यासारखा वाटतो. बूट स्कीला जखडणारं बाइंडिंग सेंटिमीटरभर पुढे-मागे बसवलं तरी तसंच. सगळ्या जोडांची धार, मेण आणि बाइंडिंगची जागा सारखी केल्याशिवाय त्यांची तुलना करणं म्हणजे कारागिरांची तुलना करणं. बूट तर स्वतःचेच हवेत.

दुसरी अडचण मोठी आणि न टळणारी आहे. बर्फ थांबून राहत नाही. सकाळी नऊला उतरवलेली स्की आणि बाराला उतरवलेली स्की यांनी वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवलेल्या असतात. पहिलीने मागे सोडलेले चरे दुसरीच्या वाट्याला येतात. प्रयोगशाळेत नमुना सारखा ठेवता येतो, डोंगरावर नाही. यावर मला माहीत असलेला एकच खात्रीचा उपाय म्हणजे एक ओळखीचा जोड संदर्भासाठी ठेवणं आणि दर दोन-तीन नव्या जोडांनंतर त्याच्यावर पुन्हा उतरणं. ओळखीची स्की सकाळपेक्षा जड वाटू लागली, तर बर्फ बदलला आहे हे कळतं, आणि नव्या स्कीच्या माथी त्याचं खापर फुटत नाही. यात दिवसाचा मोठा हिस्सा जुन्याच स्कीवर खर्च होतो. नव्याच्या मोहात पडलेल्याला हे जड जातं, पण त्याशिवाय बाकीच्या नोंदींना अर्थ राहत नाही.

तिसरी गोष्ट वाटेची. रूढ पद्धतीत परीक्षक प्रत्येक प्रकारच्या बर्फाची वेगळी फेरी मारतो किंवा उतरताना बर्फ बदलला की थांबतो, बघतो, मग पुढे निघतो. नेमका सांधा तो पायी ओलांडल्यासारखा ओलांडतो. कसोटी सांध्याची घ्यायची तर वरपासून खालपर्यंत एक सलग वाट आधी ठरवायची, तिच्यात बदल जितके जास्त तितकं बरं, आणि ती न थांबता, मध्यम, सारख्या वेगाने उतरायची. वेग वाढवला तर कौशल्य स्कीचे दोष झाकतं. फार हळू गेलं तर दोष दिसतच नाहीत. खाली आल्यावर कुणाशी बोलण्याआधी लिहायचं: कुठे शरीर मागे राहिलं, कुठे हात सावरायला वर गेले, कुठे नजर समोरून सुटून पायाकडे आली. माझ्या लेखी या तिसऱ्या नोंदीचं वजन सर्वांत जास्त. स्कीवर भरवसा असला की माणूस पुढच्या वळणाकडे बघतो. भरवसा उडाला की टोकांकडे बघू लागतो. चेहऱ्यावर आणि मानेवर दिसणारी ही खूण खाली उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसालाही टिपता येते.

शिवाय एक फेरी दिवस संपताना, पाय थकल्यावर मारायलाच हवी. सकाळच्या ताज्या मांड्या कुठल्याही स्कीला सांभाळून घेतात. संध्याकाळी ते काम स्कीला करावं लागतं. युरोपातल्या काही चाचण्यांत स्कीवरचं चित्र आणि नाव झाकून टाकतात. चांगली प्रथा आहे, कारण नामवंत कारखान्याच्या स्कीची चूक माणूस स्वतःची समजतो आणि अनोळखी स्कीत स्वतःची चूक शोधतच नाही. आणि परीक्षकाचं वजन न देणारा अहवाल अर्धाच समजावा. साठ किलोच्या माणसाखाली जी स्की ताठ फळी असते, ती नव्वद किलोच्या माणसाखाली छान वाकते.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्यही आहे. सांध्यावर शांत राहणारी स्की कधी कधी रुक्ष वाटते. खोल हिमात तरंगण्याचा जो आनंद रुंद स्की देते किंवा पहाटेच्या कडक उतारावर कोरलेल्या वळणात अरुंद स्की जी ओढ देते, तो कळस तिच्यात नसतो. ज्याच्या घराशेजारी डोंगर आहे आणि कोठीत चार जोड आहेत, त्याने सकाळी खिडकीतून बर्फ बघून जोड निवडावा. त्याला अष्टपैलू स्कीची गरजच नाही.

आपल्याकडून जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची रजा महिन्यांपूर्वी ठरलेली असते, विमानाची तिकिटं काढलेली असतात, आणि काश्मीरचा हिमवर्षाव भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांच्या मर्जीवर असतो. चिल्ला-ए-कलाँच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातल्या सर्वांत थंड चाळीस दिवसांच्या, ऐन कडाक्यातही तो दडी मारू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं कुरण बराच काळ उघडं पडलं होतं. २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. असा माणूस बर्फ निवडत नाही, मिळेल त्या बर्फावर उतरतो. त्याला कळसापेक्षा सांधा महत्त्वाचा आहे. नव्याने शिकणाऱ्याला तर अधिकच, कारण सांध्यावर पडलेला नवशिका स्कीला कधीच दोष देत नाही. तो स्वतःला हे जमणार नाही असं ठरवून टाकतो, आणि इथे माझा जीव तुटतो. चुकीच्या, ताठ, बोथट धारेच्या भाड्याच्या जोडीमुळे हा खेळ सोडून दिलेले लोक थोडे नसतील.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात गुलमर्गला किंवा उत्तराखंडातल्या औलीला स्की भाड्याने घ्याल, तेव्हा आधी आपलं वजन आणि आपण कितपत शिकलो आहोत ते दुकानदाराला खरं खरं सांगा. धारेवरून नखाची कड हलकेच आडवी ओढून बघा. नखाचा भुगा निघाला नाही तर धार करून मागा. दाबलेल्या उताराच्या कडेला, जिथे दाबलेला बर्फ संपून मऊ सुरू होतो, तिथे त्या रेषेवरून आत-बाहेर करत उतरा. जी स्की तिथे तुमची नजर पायाकडे खेचते ती दुपारी परत करा आणि दुसरी घ्या. आणि ठरलेल्या उताराबाहेर जाण्याआधी त्या दिवशीची हिमस्खलनाची सूचना वाचा, स्थानिक गस्ती पथकाला विचारा. घसरत्या डोंगरावर कुठलीच स्की अष्टपैलू नसते.